काचेतला सालदार

आखाजीचा सण जवळ आला की खानदेशातल्या घरात दोन ठिकाणी गडबड उडते. आतल्या घरात सांजोऱ्यांची तयारी चालते, लेकी माहेरी येतात, अंगणातल्या निंबाला झोका बांधला जातो. बाहेर ओट्यावर पुरुषमंडळी वेगळ्याच व्यवहारात गढलेली असतात. तिथे सालदार ठरत असतो. आखाजी ते आखाजी असे त्याचे वर्ष. रोख किती, धान्य किती, आगाऊ उचल किती, हे चारचौघांत बोलले जाते. एकदा शब्द दिला-घेतला की पुढले बारा महिने मालकाचे शेत, मालकाचे बैल आणि वेळप्रसंगी मालकाची पोरेसुद्धा त्या माणसाने सांभाळायची.

गेल्या वर्षी आखाजीच्या सुमारास मीही एका सालदाराच्या शोधात होतो. आता माझ्याकडे शेत नाही. वडिलांची जमीन धाकटा भाऊ पाहतो. मी नंदुरबारला शाळेत मुलांना शास्त्र शिकवून निवृत्त झालेला मनुष्य. माझी शेतीवाडी म्हणाल तर बैठकीच्या खोलीतली तीन फूट लांबीची एक काचेची पेटी, तीत शंभराहून थोडे अधिक लिटर पाणी, आणि त्या पाण्यात इकडून तिकडे धावणारे डझनभर झेब्रा मासे. ही पेटी मुलाने नातवासाठी आणली. सुट्टी संपल्यावर नातू सुरतेला गेला आणि मासे आजोबांकडे राहिले. बहुतेक घरांत अशा गोष्टी अशाच घडतात.

शेतात तण माजावे तसे पेटीत शेवाळ माजते. सुरुवातीच्या काही आठवड्यांत काचेवर करड्या रंगाची भुकटी बसली. पुढे तिची जागा हिरव्या थराने घेतली. मग दगडांना हिरवी दाढी फुटली, आणि एके दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी चहाचा कप पुढे करीत विचारले, "अहो, यात मासे आहेत ना अजून?"

शेवाळ ही बाहेरून आलेली आपत्ती नव्हे. उजेड आपणच देतो आणि खतही आपणच घालतो. माशांना घातलेले उरलेसुरले खाणे आणि त्यांची विष्ठा कुजली की अमोनिया तयार होतो. पाण्यातले काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे काही त्याचे नायट्रेट करतात. आणि नायट्रेट म्हणजे खत, हे आमच्या भागात शाळेत न गेलेल्या शेतकऱ्यालाही सांगावे लागत नाही. तेव्हा कोणताही गडी ठेवण्यापूर्वी घरधन्याने स्वतः करण्याची कामे मी आधी केली. पेटी पूर्वेच्या खिडकीपासून हलवली. दिवा दिवसाकाठी सहा तासांवर आणला. दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलू लागलो. खाणे चिमूटभरावरून अर्ध्या चिमटीवर आले. शेवाळ निम्मे झाले. उरलेले निम्मे फडक्याने पुसता आले असते. पण फडके काही पाहण्यासारखे नसते. मला काच घासणारा हवा होता, आणि तो घासताना त्याच्याकडे पाहत बसावे असाही हवा होता. शिवाय चारचौघांच्या पेटीत नसलेले काहीतरी आपल्या पेटीत असावे, ही हौस साठी उलटली म्हणून माणसाला सोडून जात नाही.

नातवाला भेटायला सुरतेला गेलो असता तिथल्या एका दुकानात शिरलो. दुकानदाराने माझा प्रश्न पुरता ऐकलाही नाही. "काका, सकर घेऊन जा," तो म्हणाला, "शेवाळ खातो, घाण खातो. वेगळे काही घालावे लागत नाही."

हे शेवटचे वाक्य वाचकांनी लक्षात ठेवावे. मासे विकणाऱ्यांच्या जगात ते फार चालते.

सकर हा मूळचा दक्षिण अमेरिकेचा. दुकानात तो दोन इंचांचा असतो. तोंडाने काचेला चिकटतो, अंगावर ठिपके, दिसायला मोठा गमतीदार. पण हा पाहुणा वाढत जातो. फूट-दीड फूट लांबी ही त्याला सहज गोष्ट. जसजसा मोठा होतो तसतशी शेवाळावरची त्याची वासना उडते आणि तो साफ करतो त्याहून अधिक घाण करतो. मग लोक कंटाळतात आणि दयाबुद्धीने त्याला नदीत नाहीतर तलावात सोडून देतात. ही दया महागात पडते. त्याच्या अंगावर हाडांचे चिलखत असते, पाण्यात हवा कमी असली तर तो वर येऊन हवा गिळतो, आणि अंडी घालण्यासाठी काठाच्या मातीत बिळे कोरतो. आपल्या देशातल्या कितीतरी जलाशयांत आज तो ठाण मांडून बसला आहे. २०२० साली वाराणसीजवळ गंगेतही तो सापडला. कुठे अॅमेझॉन आणि कुठे काशी! घरात नको झालेल्या वस्तू नदीत सोडण्याची आपली सवय त्याला तिथवर घेऊन गेली. आमच्या प्रकाशाला तापी आणि गोमाई यांचा संगम आहे, लोक त्याला दक्षिण काशी म्हणतात. तिथे तरी हा यात्रेकरू माझ्या हातून जायला नको, असे म्हणून मी सकरला नमस्कार केला.

दुसरा उमेदवार होता सोनेरी अंगाचा. दुकानात त्याला चिनी म्हणतात; त्याचे घर मात्र थायलंड-कंबोडियाकडच्या नद्यांत. निसर्गाने या माशाला एक अजब सोय करून दिली आहे. तोंडाने दगडाला चिकटून बसले तर श्वास कसा घ्यायचा? म्हणून त्याच्या कल्ल्याला वरच्या बाजूने पाणी घेण्यासाठी वेगळे भोक असते. तोंड कामात, नाक मोकळे! लहानपणी तो शेवाळ मन लावून खातो. वयात आला की त्याला दुसऱ्या माशांच्या अंगावरचा चिकट थर अधिक गोड लागतो, आणि तो त्यांच्या पाठीवर स्वार होऊ लागतो. तरुणपणी तळमळीने काम करणारे आणि जम बसल्यावर सहकाऱ्यांनाच चिकटणारे लोक मी नोकरीत पुष्कळ पाहिले. घरात आणखी नको होते.

तिसरा सयामी. हा खरोखर गुणी. दगडांवर आणि वनस्पतींवर काळ्या केसांसारखे जे चिवट शेवाळ येते, ज्याला दुसरे मासे सहसा तोंड लावीत नाहीत, ते हा खातो. पण त्याच्यासारखे दिसणारे तोतये बाजारात फार. खऱ्याच्या अंगावरचा काळा पट्टा शेपटीच्या टोकापर्यंत पोचतो, एवढी खूण मी पाठ करून गेलो होतो. दुकानातल्या बिचाऱ्यांचा पट्टा शेपटीच्या आधीच संपत होता.

चौथ्याने माझे मन जिंकले होते. ओटोसिंक्लस नावाचा हा जीव बोटाच्या दोन पेरांएवढा. हाही दक्षिण अमेरिकेचा, पण सकरच्या कुळातला असून आयुष्यभर लहान राहणारा. चार-सहा जणांचा घोळका करून राहतो, कुणाच्या अध्यात ना मध्यात, वनस्पतीचे पान न फाडता त्यावरचे शेवाळ पुसून घेतो. नाशिकच्या माझ्या एका मित्राने असे सहा ओटो आणले होते. त्याची पेटी पाहायला मी मुद्दाम गेलो. पेटी आरशासारखी स्वच्छ होती. काचेवर बोटाचा ठसा नव्हता, दगडांवर हिरवा कण नव्हता.

"आणि ओटो?" मी विचारले.

"गेले," मित्र म्हणाला. "पंधरा दिवसांत सगळी पेटी साफ केली, आणि मग एकेक करून गेले. कसला रोग आला कळले नाही."

रोग आला नव्हता. हे मासे बहुधा नदीतून धरलेले असतात. महासागर ओलांडून येईपर्यंत त्यांचे पोट पाठीला लागलेले असते. त्यांना एखाद्या नव्या, लख्ख पेटीत सोडायचे, असेल नसेल ते शेवाळ त्यांनी चाटून पुसून संपवायचे, आणि मग? माशांना घातलेले दाणे हे भित्रे जीव पळवून नेत नाहीत. मालक काचेकडे पाहून खूश असतो, आणि काचेला चिकटलेल्या माशाचे खपाटीला गेलेले पोट त्याच काचेतून दिसत असते. पण तिकडे पाहण्याचे कुणाला सुचत नाही. मित्राने आपल्या परीने सारे नीट केले होते. दुकानदाराने त्यालाही तेच वाक्य ऐकवले होते: वेगळे काही घालावे लागत नाही.

परतीच्या गाडीत मी या गोष्टीचा विचार करीत होतो. या साऱ्या उमेदवारांची आपण एकच परीक्षा घेतो, शेवाळ खाशील का? पण सालदार ठरवताना ओट्यावर दोन्हीकडून बोलणे होते. मालक काम सांगतो, तसा सालदारही विचारतो की मला काय मिळणार. माशाला विचारता येत नाही, म्हणून त्याच्या बाजूचे बोलणेही आपणच करायला हवे. त्याला कसे पाणी लागते? आमच्याकडे मे महिन्यात पारा चव्वेचाळिसाला टेकतो, तो उन्हाळा त्याला सोसेल का? सोबतीला कोण? आणि शेवाळ संपल्यावर पानात काय?

या प्रश्नांनी शोधाची दिशाच बदलली. अॅमेझॉनपासून निघालेले मन फिरत फिरत सातपुड्यात येऊन थांबले, आणि मला मळ्या आठवला.

मळ्या तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, नाव माहीत नसेल इतकेच. महाराष्ट्रातल्या डोंगरी ओढ्यांत पाय सोडून बसले की बोटांना गुदगुल्या करणारी जी लहान माशांची टोळी जमते, तिच्यात हा असतो. रंग दगडाचा, पोट सपाट, तोंड खालच्या अंगाला, आणि खालच्या ओठामागे एक गोल मांसल चकती. या चकतीने तो धावत्या पाण्यात खडकाला घट्ट धरून राहतो आणि ओठांनी खडकावरचे शेवाळ खरवडून खातो. सहसा बोटाएवढा, फार तर वीतभर. तुर्कस्तानात कांगाल नावाच्या गावी गरम पाण्याच्या झऱ्यात माणसांच्या कातडीवरचा कोंडा खाणारे 'डॉक्टर मासे' आहेत, आणि शहरांतल्या बड्या दुकानांतून पैसे देऊन लोक ज्यांच्या टाकीत पाय बुडवून बसतात, ते आमच्या मळ्याचेच चुलते. चुलते परदेशी जाऊन डॉक्टर झाले. हा घरीच राहिला, म्हणून त्याला कुणी विचारीत नाही!

विचारले होते एकाने, तेही फार पूर्वी. कर्नल विल्यम हेन्री साइक्स हा मुंबई सरकारचा अधिकारी १८२४ ते १८३१ या काळात दख्खनची पाहणी करीत हिंडत होता. त्याने इथले पक्षी टिपले, इथले मासे टिपले, आणि विलायतेस गेल्यावर त्यांची वर्णने प्रसिद्ध केली. माशांवरचा त्याचा सचित्र निबंध १८४१ साली लंडनच्या प्राणिशास्त्र मंडळाच्या ग्रंथात छापून आला. या गोऱ्या अधिकाऱ्याने एक गोष्ट मोठी सुरेख केली. नव्या माशांना लॅटिन नावे देताना त्याने पुष्कळदा काठावरच्या लोकांच्या तोंडचीच नावे उचलली. तापीकाठी आपण ज्याला शिंगाळा म्हणतो, त्याच्या शास्त्रीय नावात आजही 'सीनघाला' आहे. आणि आमचा मळ्या जगभरच्या ग्रंथांत 'गारा मुल्ल्या' म्हणून नोंदला गेला आहे. कुणा कोळ्याने नदीकाठी उच्चारलेला शब्द दीडशेहून अधिक वर्षे लॅटिनच्या पंक्तीला बसून आहे, ही गोष्ट मला तरी एखाद्या पदवीदानाइतकी थोर वाटते. मला त्या नावात 'मळ' हा शब्दही ऐकू येतो. दगडाचा मळ काढणारा तो मळ्या. नावातच नोकरीचा अर्ज!

चौमासा सरू दिला. पावसाळ्यात मासे अंडी घालतात, त्या दिवसांत त्यांना हात लावू नये. दसरा झाला, ओढे निवळले, आणि मी धडगावकडे निघालो. तळोद्याहून चांदसैलीचा घाट चढून गेले की सातपुड्याच्या पोटात अक्राणीचा मुलूख लागतो. माझा एक जुना विद्यार्थी तिकडे आश्रमशाळेत शिक्षक आहे. त्याने ओळखीचे एक पावरा गृहस्थ सोबतीला घेतले, आणि आम्ही तिघे नर्मदेकडे वाहत जाणाऱ्या एका ओढ्यावर उतरलो. पाणी घोट्यापर्यंत, पण असे खळाळते की बोलणे ऐकू येऊ नये. दगड तांबूस, आणि प्रत्येक दगडावर शेवाळाचा पातळ, निसरडा थर. त्या थरावर जागोजाग बोटाने पुसल्यासारखे बारीक पट्टे होते. मळ्या चरून गेल्याच्या या खुणा.

आमच्या सोबतीच्या भाऊंनी दगडामागे फडके धरले, दुसऱ्या हाताने दगड हलवला, आणि फडके उचलले तेव्हा त्यात दोन इंचांची तीन पिल्ले उड्या मारीत होती. अर्ध्या तासात पाच झाली. तेवढीच मला हवी होती.

"गुरुजी, एवढ्याशा माशांचे काय करणार?" भाऊंनी विचारले. "कालवण तर होणार नाही."

"खायला नाही, पाळायला नेतो," मी म्हणालो. "काचेच्या पेटीत शेवाळ फार होते. ते खातील."

त्यांनी फडके पिळले. थोडा वेळ ते पाण्याकडे पाहत राहिले. मग म्हणाले, "आणि शेवाळ संपल्यावर?"

प्रश्न साधा होता. परंतु तो कोण विचारीत होते हे मला ठाऊक होते. वाटेत विद्यार्थ्याने सांगितले होते की दिवाळी झाली की भाऊ आणि त्यांची कारभारीण ऊसतोडीला गुजरातेत जातात. नंदुरबार जिल्ह्यातली हजारो कुटुंबे जातात. नवरा-बायकोच्या जोडीला एक कोयता म्हणायचे. मुकादमाकडून पावसाळ्यातच उचल घेतलेली असते. फडाच्या कडेला पाल ठोकायचे, पहाटे अंधारात तोडणी सुरू करायची, गाडी भरायची. एक फड संपला की दुसरा. हंगाम संपला की बिऱ्हाड उचलायचे, हिशेब करायचा, आणि उचल फिटली नसेल तर ती पुढल्या वर्षाच्या बोकांडी बसवून घरी यायचे. 'ऊस संपल्यावर काय' हा प्रश्न त्यांनी दरवर्षी सोडवलेला होता. त्यामुळे माशाच्या वतीने तो त्यांनाच प्रथम सुचला, यात नवल नव्हते.

"संपू देणार नाही," मी म्हणालो.

भाऊ मोठ्याने हसले. "मग गुरुजी, नेता कशाला?"

याला उत्तर माझ्यापाशी नव्हते. विद्यार्थी भला, त्याने विषय बदलला. पिशवीत एक हिस्सा पाणी आणि दोन हिस्से हवा भरून, थर्माकोलच्या डब्यात मी मासे घेऊन आलो. भाऊंचे हसणेही बरोबर आले.

आमच्या घरी माझ्या लहानपणी एक सालदार होते. आम्ही मुले त्यांना आबा म्हणत असू. चैत्र-वैशाखात शेतात काडीचे काम नसे. रान तापलेले, बैल सावलीला रवंथ करीत उभे, आणि आबा गोठ्याच्या दाराशी बसून अंबाडीचे दोर वळीत. एकदा आमच्या एका शहरी पाहुण्याने वडिलांना विचारले, "हे दोन महिने याला फुकट पोसता काय?" वडील म्हणाले, "बैल उभा असला म्हणून कडबा चुकतो का? आणि हा तर माणूस आहे." आबांचे दोन वेळचे जेवण त्या दोन महिन्यांत कधी चुकले नाही. सालदारकी म्हणजे रामराज्य होते असे मी म्हणणार नाही. उचलीच्या ओझ्याखाली एकाच दारात पिढ्या गेलेले सालदार खानदेशाने पाहिले आहेत, आणि आबांची मुले शिकून तालुक्याला नोकरीस लागली तेव्हा आबांना झालेला आनंद मीच पाहिला आहे. पण त्या जुन्या, पुष्कळ बाबतीत वाईट असलेल्या व्यवहारात एक गोष्ट चांगली होती. त्यात माणसाचे वर्ष बारा महिन्यांचे धरले जाई. काम असलेल्या महिन्यांचेच नव्हे.

मळ्याला मी तसाच ठेवायचे ठरवले. दोन आठवडे वेगळ्या टबात ठेवून, रोगराई नाही याची खात्री करून मी पाचही जणांना पेटीत सोडले. त्यांच्यासाठी एका बाजूने पाण्याचा जोराचा झोत सोडणारा छोटा पंप बसवला, कारण धावत्या पाण्यातल्या जिवाला डबक्यात करमत नाही. तळाशी नदीचे गोटे रचले. पेटीवर झाकण घट्ट बसवले. कारण हा मासा ओल्या काचेवरून चकतीच्या आधाराने वर चढतो आणि फट दिसली की बाहेर पडतो. पहिल्या रात्री त्यांतला एक पाण्याच्या वर चार बोटे काचेला चिकटून बसला होता. सौ. म्हणाली, "अहो, हा पहा, घरी निघाला." मी झाकणावर एक जाडजूड शब्दकोश ठेवला.

काम त्यांनी चोख केले. तीन आठवड्यांत काच स्वच्छ, दगडांची दाढी उतरलेली. पाहायला तर असे गमतीचे की संध्याकाळी दूरदर्शन संच बंद राहू लागला. झोतात तोंड करून पाचही जण ओळीने बसत, मग एकाने दुसऱ्याला ढुशी देऊन जागा घ्यायची, हरलेल्याने तिसऱ्याला उठवायचे. आमच्या लहानपणीच्या शाळेतल्या बाकाची आठवण व्हावी! आणि मग ओढ्यावरचा तो प्रश्न पेटीत येऊन उभा राहिला. शेवाळ संपले.

मी गच्चीवर गेलो. तिथे एक जुना प्लास्टिकचा टब होता. त्यात पेटीतले बदललेले पाणी ओतले, कारण खत त्यातच. दहा-बारा गोटे ठेवले आणि टब उन्हात सरकवला. खानदेशच्या उन्हाला काही शिकवावे लागत नाही. आठ-दहा दिवसांत गोट्यांवर हिरवी मखमल आली. मग दर तीन-चार दिवसांनी दोन हिरवे गोटे पेटीत जाऊ लागले आणि दोन घासलेले गोटे गच्चीवर येऊ लागले. डासांनी टबात संसार थाटू नये म्हणून त्यात चार गप्पी सोडले. अधूनमधून उकडलेल्या काकडीची चकती, दोडक्याची फोड, पालकाचे पान असा पालटही असतो. उरलेले त्याच संध्याकाळी काढून टाकतो, नाहीतर पुन्हा खत तयार.

उन्हाळा कठीण गेला. पेटीवर छोटा पंखा सोडला. पाण्याची वाफ होताना दोन-तीन अंश उतरतात. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर चालावा अशी सोय केली. ज्या ओढ्यातून हे मासे आणले तो होळीनंतर तुटत जातो आणि मासे उरलेल्या डोहात दाटीने दिवस काढतात. ती सोशिकता त्यांच्या अंगात होती म्हणूनच निभावले. ओटोला मी आणले असते तर या मे महिन्यात काय झाले असते, ते सांगायला नको. पाचही मळ्या आज तीन-साडेतीन इंचांचे आहेत आणि त्यांचे पोट काचेतून पाहिले तर भरलेले दिसते. हल्ली पेटीपाशी गेलो की मी आधी काच पाहत नाही, पोटे पाहतो.

हे वाचून कुणाला हौस झाली तर दोन गोष्टी सांगून ठेवतो. पहिली, ओढा आपला म्हणून ओरबाडायचा नाही. चार-पाच पिल्लांनी ओढा रिकामा होत नाही; विक्रीसाठी पिंपे भरून नेली तर होतो. जिथले मासे, तिथल्या लोकांना विचारून घ्यावे. त्यांच्या ताटातला तो घास असतो. दुसरी, पेटीत राहिलेला मासा पुन्हा ओढ्यात सोडायचा नाही, मग तो तिथलाच का असेना. पेटीतली रोगराई तो बरोबर घेऊन जातो. तेव्हा आणायचा तो शेवटपर्यंत सांभाळायच्या तयारीनेच आणावा.

सौ.चे म्हणणे वेगळेच आहे. परवा दिवाळीची झाडलोट चालू असताना तिने गच्चीवरचा तो हिरवागार टब पाहिला आणि कमरेवर हात ठेवून ती म्हणाली, "शेवाळ काढायला मासे आणलेत, आणि आता माशांसाठी शेवाळ पिकवता आहात. यात सालदार कोण आणि मालक कोण, ते तरी एकदा ठरवा!"

मी ते ठरवण्याच्या भरीस पडलो नाही. दुपार कलली होती, टबातले दोन गोटे चांगले हिरवे झाले होते, आणि खाली पाच जण वाट पाहत होते. गोटे उचलून मी जिना उतरलो.